लेक-जावई मॉरिशसला : आम्ही किती दिवस आणि कोणत्या महिन्यात जावे?

प्रश्न : मुलुंड_पूर्व

सर्व सदस्यांना नमस्कार.

आमची मुलगी आणि जावई काही वर्षांपासून मॉरिशसमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. दोघांची कार्यालये एबेन येथे आहेत आणि घर वाक्वा येथे, म्हणजे बेटाच्या मधल्या पठारावर आहे. आजवर तीच सवडीने मुंबईला येत असे, त्यामुळे आमचे जाणे मागे पडत गेले. आता तिला सलग रजा मिळणे कठीण झाले आहे आणि "या वेळी तुम्हीच या, चांगले तीन महिने राहा" असा तिचा आग्रह आहे. जावईही मनापासून बोलावत आहेत. त्यात औपचारिकपणाचा भाग नाही, हे आम्ही जाणतो.

अडचण अशी की यजमानांना तीन महिने हा काळ फार वाटतो. त्यांच्या आईने लेकीच्या सासरी कधी रात्रीचा मुक्काम केला नव्हता. तो काळ सरला हे ते स्वतःच म्हणतात, तरीही "जावयाच्या घरी पंधरा दिवसांवर राहणे बरे नव्हे" या वाक्यापाशी येऊन आमची चर्चा थांबते. मुलाकडे राहायचे असते तर त्यांनी हा हिशेब मांडला नसता, असे मी त्यांना म्हटले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

यजमान ७२ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि दमट गारव्यात त्यांचे गुडघे धरतात. मी ६७ वर्षांची असून बँकेतून निवृत्त झाले आहे. पावसाळ्यात घर बंद ठेवायला जीव धजत नाही, कारण आमच्या बाहेरच्या भिंतीला दरवर्षी ओल येते. दुसरीकडे, व्याह्यांचे डिसेंबरमध्ये सांगलीहून तिकडे जाण्याचे घाटते आहे आणि दोन्हीकडच्या मंडळींनी एकाच वेळी त्या दोन खोल्यांच्या घरात राहणे कोणालाच सोयीचे नाही.

तेव्हा वाक्व्यासारख्या ठिकाणी कोणत्या महिन्यांत हवा मानवेल, मुले दिवसभर कामावर गेल्यावर आमच्या वयाच्या माणसांनी तिथे करायचे काय, आणि मुख्य म्हणजे किती दिवस राहणे शोभून दिसेल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. समुद्रकिनारे आणि सहलींची माहिती पुष्कळ वाचली आहे, ती नको.

उत्तर : शिवाजीपार्क_सकाळ

ताई, नमस्कार. माझा मुलगा आणि सून कात्र बोर्न येथे राहतात. ते वाक्व्याच्या शेजारचेच गाव म्हणायला हरकत नाही, त्यामुळे हवेविषयी मी थोडे खात्रीने लिहू शकते.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा, तोच पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर हा हिवाळा, कोरडा आणि सौम्य. प्रवासी कंपन्यांची पत्रके वाचून मुंबईकर मंडळी असा निष्कर्ष काढतात की आपला मे महिना आणि पावसाळा चुकवून तिकडे जावे आणि कोरड्या हवेत मजेत राहावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हे खरे आहे. पठारावर राहणाऱ्यांसाठी ते अर्धेच खरे आहे, आणि आपले जावई पठारावर राहतात.

बेट लहान असले तरी तिथली हवा गावागणिक बदलते. आग्नेयेकडून येणारे वारे पठाराला अडतात, वर चढतात आणि तिथेच पाणी टाकून पुढे पश्चिम किनाऱ्यावर कोरडे होऊन उतरतात. त्यामुळे फ्लिक आँ फ्लाकला लख्ख ऊन असताना क्युरपीपला रिपरिप चालू असते. वाक्वा समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे, क्युरपीप त्याहूनही वर. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात रात्रीचा पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. आकडा ऐकून भीती वाटत नाही, पण त्याबरोबर बारीक पाऊस आणि वारा असतो, आणि घरांत पुण्या-नाशिकप्रमाणेच उष्णतेची काही सोय नसते. फरशी गार पडते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ज्यांचे गुडघे ओलाव्याला धरतात त्यांना हे दोन महिने मी सुचवणार नाही. यजमानांनी तेवढ्यातही जायचेच म्हटले तर लोकरी पायमोजे आणि स्वेटर बरोबर असू द्या. उष्ण कटिबंधातील बेट म्हणून केवळ सुती कपडे नेणाऱ्या माणसाला पठारावर हुडहुडी भरते.

सप्टेंबरच्या मध्यापासून हवा पालटते. ऑक्टोबर हा माझ्या मते पठारासाठी सर्वांत उत्तम महिना: पाऊस कमी, दिवस उबदार, रात्री पांघरूण लागेल एवढाच गारवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हे टिकते, मग उकाडा वाढू लागतो. एप्रिलच्या अखेरीपासून मे संपेपर्यंतचा काळही चांगला असतो आणि तेव्हा मुंबईची काहिली चुकते. मात्र मेअखेर परतायचे तर पावसाळ्यापूर्वीची घरची कामे कोणावर तरी सोपवावी लागतील, हे आपल्या ओल्या भिंतीमुळे लक्षात घ्या.

दिवसभर काय करायचे, हा प्रश्न आपण विचारलात याचा आनंद झाला. बहुतेक जण तो विचारत नाहीत आणि मग दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या मागे "कंटाळा आला, कुठेतरी न्या" अशी भुणभुण सुरू होते. आपले भाग्य असे की वाक्व्याला मेट्रोचे स्थानक आहे. पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत जाणारी ही मेट्रो भारताच्या आर्थिक साहाय्याने उभी राहिली आणि ती बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोने. तिची एक शाखा एबेनलाही जाते. मुलांच्या गाडीवर अवलंबून न राहता तुम्ही दोघे सकाळी दहाला निघून राजधानी पाहून चारच्या आत घरी येऊ शकता. पोर्ट लुईला शेवटच्या स्थानकाजवळच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून नेलेली भारतीय माणसे जिथे उतरवली जात, तिथल्या दगडी पायऱ्या जतन करून ठेवल्या आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत रत्नागिरीकडची माणसेही होती, त्यामुळे तिथल्या संग्रहालयात मराठी माणसाने घाई करू नये.

संध्याकाळी मात्र लवकर घरी या. दुकाने पाच-सहाच्या सुमारास बंद होतात आणि रस्ते ओस पडतात. रात्री नऊला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला ही शांतता सुरुवातीला जड जाते.

उत्तर : ठाणे_पश्चिम

वरील प्रतिसादात हवामानाचा उत्तम परामर्श घेतला आहे, म्हणून मी केवळ कागदपत्रे, औषधे आणि पैसा याविषयी लिहितो. या गोष्टी रूक्ष असल्या तरी आपल्या वयात प्रवास याच ठरवतात.

भारतीय पर्यटकाला मॉरिशससाठी आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. विमानतळावर परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय यांविषयी विचारले जाते. मुलीकडे राहणार असल्याने तिचे निमंत्रणपत्र, तिच्या तिथल्या परवान्याची प्रत आणि घराचा पत्ता छापील स्वरूपात जवळ ठेवावा. प्रवासापूर्वी भरायचा एक ऑनलाइन अर्ज असतो. तो मुलीलाच भरायला सांगावा, कारण त्यात तिचा तिथला दूरध्वनी क्रमांक लागतो. मुक्काम लांबणार असेल तर तारीख मागाहून वाढवण्याच्या भरवशावर न जाता, जितके राहायचे तितक्याच तारखेचे परतीचे तिकीट काढावे.

औषधांचा विचार मात्र गांभीर्याने करा. मधुमेह-रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण येत नाही, पण त्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या अलीकडच्या चिठ्ठीसह न्याव्यात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे. झोपेच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामक औषधे यांबाबत तिथला कायदा कडक आहे. गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉलसारखे काही घेत असाल तर पूर्वपरवानगीशिवाय ते सामानात टाकू नका. आपल्या डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या. इन्सुलिन असल्यास ते हातातील पिशवीत ठेवावे, कारण सामानकक्षात ते गोठण्याची शक्यता असते.

प्रवासविमा काढताना "आधीपासून असलेले आजार" या कलमाचा नीट अभ्यास करा. स्वस्त पॉलिसीत मधुमेहाशी संबंधित सगळेच वगळलेले असते किंवा केवळ जिवावर बेतले तरच थोडी रक्कम मिळते. मधुमेह लपवून हप्ता वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, कारण दावा फेटाळायला कंपनीला तेवढे एक कारण पुरते.

आपण बँकेतून निवृत्त आहात म्हणून आणखी एक आठवण. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. आता तो जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो हे खरे, पण त्यासाठी लागणारा संदेश आपल्या भारतीय क्रमांकावर येतो. म्हणून भारतीय सिमकार्ड चालू ठेवून त्यावर निदान संदेश येतील एवढे रोमिंग घ्या आणि तिथले कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घाला. पैशांची मात्र काळजी उरलेली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे. सगळ्याच दुकानांत ती असेल असे गृहीत न धरता थोडे स्थानिक चलन जवळ ठेवावे. तिथल्या भिंतींवरचे प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन दांड्यांचे किंवा युरोपसारखे दोन दांड्यांचे असतात, तेव्हा साखर मोजण्याच्या यंत्रासाठी आणि फोनसाठी अडॅप्टर न्या.

उत्तर : विलेपार्ले_पूर्व

क्षमस्व, पण मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. यजमानांचे म्हणणे जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारू नये. त्यांचे कारण कालबाह्य असेल, निष्कर्ष मात्र शहाणपणाचा आहे.

नोकरी करणाऱ्या दोन माणसांच्या घरात आणखी दोन माणसे तीन महिने राहतात तेव्हा प्रेम कितीही असो, न्हाणीघर एकच असते. सकाळी साडेसातला दोघांना बाहेर पडायचे असते आणि नेमके तेव्हाच आपल्याला गरम पाणी, चहा आणि वर्तमानपत्र हवे असते. संध्याकाळी ती थकून येतात आणि आपण दिवसभर बोलायला माणूस नसल्याने गप्पांना आसुसलेले असतो. कोणाचाही दोष नसताना कुरबुर सुरू होते. मुलगी आपली असल्याने ती आपल्यापाशी रागावते, आणि जावई काही बोलत नाहीत, ते अधिक अवघड जाते.

माझ्या मते तीन ते चार आठवडे पुरेत. पुढच्या वर्षी पुन्हा जा. मुंबईहून थेट विमानाने सहा-सात तासांचा प्रवास आहे. अमेरिकेसारखा जन्मात दोनदा करायचा प्रवास नव्हे की एकदा गेलो की वसूल करून यावे. वेळेतही दीड तासाचाच फरक आहे, त्यामुळे झोपेचे तंत्र बिघडण्याचा प्रश्न येत नाही.

उत्तर : एबेनजवळची_सून

मी मूळची गिरगावची, सध्या मॉरिशसमध्ये राहते आणि माझे आईवडील व सासू-सासरे दोघेही येऊन गेले आहेत. म्हणजे मी प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला उभी आहे, तेव्हा थोडे मोकळेपणाने लिहिते.

पार्ल्याच्या काकांचे निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरचा उपाय मला पटत नाही. तीन आठवड्यांच्या मुक्कामात आईवडील शेवटपर्यंत पाहुणेच राहतात. मुले रजा काढतात, रोज बाहेर नेतात, खर्च करतात, आणि सगळे दमून विमानतळावर निरोप घेतात. मुलांचे खरे आयुष्य दिसते ते त्यानंतर: ती कोणत्या गाडीने जातात, शेजारी कोण आहेत, आजारी पडली तर कोणाला हाक मारतात. माझ्या आईला माझी काळजी वाटणे थांबले ते किनारे पाहून नव्हे. मी तापाने पडलेली असताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला न विचारता सूप आणून दिले, त्या दोघींना एकमेकींचे अक्षरही कळत नव्हते, आणि तरी त्या तासभर बसल्या, त्या दिवशी ते घडले. असे काही घडायला अवधी लागतो. म्हणून सहा ते आठ आठवडे असा मधला मार्ग मी सुचवीन. त्यात पहिले चार दिवस सोडले तर मुलांनी रजा घेऊ नये, असे आधीच ठरवून टाका.

काही गोष्टी मुलगी आपल्याला संकोचामुळे सांगणार नाही, म्हणून मी सांगते. घराची स्वतंत्र किल्ली पहिल्याच दिवशी मागून घ्या. किल्ली नसेल तर आईवडील दिवसभर घरात अडकतात आणि मुले कार्यालयात त्याच विचारात असतात. स्वयंपाकघर पूर्ण ताब्यात घेऊ नका. आठवड्यातले दोन-तीन दिवस आपले ठरवा, बाकीचे दिवस त्यांचे ब्रेड-अंड्याचे जेवण चालू द्या. डबे लावून ठेवण्याची पद्धत बदलू नका, ही विनंती मी सर्व आयांना हात जोडून करते. काकांनी एखादे काम आपले म्हणून घ्यावे. माझे सासरे रोज सकाळी पायी बाजारात जाऊन भाजी आणत आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये भाव विचारत. सून-मुलाच्या घरी फुकट बसून आहोत ही त्यांची भावना त्यामुळे बरीच निवळली. शेवटी-शेवटी भाजीवालीच त्यांना दोन दिवस दिसले नाहीत तर विचारू लागली.

खाण्याचे सामान पोत्याने आणू नका. तूरडाळ, कणीक, तांदूळ, कोथिंबीर, कढीपत्ता हे सगळे इथे मिळते, आणि रस्त्यावरच्या गाडीवर मिळणारी ढोल-पुरी खाल्लीत तर चण्याच्या डाळीचे तिखट पुरण भरलेली पोळी इथे कशी रुजली याचा आपल्याला सुखद धक्का बसेल. मिळत नाही तो गोडा मसाला, मेतकूट आणि आमसूल. तेवढे बंद पाकिटांत आणा. ताजी फळे, भाज्या, बिया किंवा तुळशीचे रोप मुळीच आणू नका. बेटावरची शेती कीड-रोगांपासून सांभाळण्यासाठी इथे आयात परवान्याशिवाय वनस्पतिजन्य वस्तू विमानतळावरच काढून घेतात. मे महिन्यात येणाऱ्या आईबापांची हापूसची पेटी तिथे जाताना पाहवत नाही.

आल्यावर काही दिवसांत आरोग्य खात्याचा कर्मचारी घरी येऊन विचारपूस करील किंवा रक्ताचा नमुना मागील. घाबरू नका. मॉरिशसमधून मलेरियाचे निर्मूलन १९७३ मध्ये झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले आणि तो पुन्हा शिरू नये म्हणून मलेरिया असलेल्या देशांतून येणाऱ्यांवर अशी नजर ठेवली जाते. माझ्या वडिलांना वाटले की मुंबईकर म्हणून आपल्यावर संशय घेतला जातो आहे. त्यांची समजूत घालायला मला बराच वेळ लागला. डास मात्र इथे आहेत. २००६ च्या सुमारास चिकुनगुनियाची मोठी साथ येऊन गेली, आणि ज्यांचे सांधे आधीच दुखतात त्यांनी या आजाराला विशेष जपावे. उन्हाळ्यात आलात तर संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

समुद्राची माहिती नको असे आपण म्हटले आहे, तरी एक वाक्य लिहू द्या: प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ पाण्यात चालतानाही रबरी बूट घालावेत, कारण समुद्री साळू आणि दगडमासा यांचे काटे मधुमेही पायाला परवडणारे नाहीत, आणि दक्षिणेला ग्री-ग्री येथे तो कडाच नसल्याने पाण्यात उतरूच नये.

मुलुंड_पूर्व

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. हे सारे प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. पार्ल्याच्या सद्गृहस्थांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. भाजी आणणाऱ्या सासऱ्यांची हकिकत ऐकल्यावर मात्र वाक्व्याचा बाजार घरापासून किती दूर आहे हे मुलीला विचार, असे म्हणाले. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

हवेचा विचार करता सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा आरंभ असा सात आठवड्यांचा काळ आम्हाला सोयीचा दिसतो. मुंबईचा पाऊसही तोवर ओसरत आलेला असेल, खालच्या मजल्यावरचे शेजारी आठवड्यातून एकदा घर उघडून पाहायला तयार आहेत, आणि व्याह्यांच्या डिसेंबरच्या बेतालाही धक्का लागत नाही. हयातीचा दाखला परत आल्यावर बँकेत स्वतः जाऊन देता येईल.

आता दोन शंका उरतात. पहिली अशी की गणपती आमच्याकडे नसून मोठ्या दिरांकडे दादरला असतो आणि आम्ही पाचही दिवस तिथे असतो. एखाद्या वर्षी तो उशिरा आला तर तिकीट पुढे ढकलावे, की मुलीकडेच गणपती पाहावा? तिथे मराठी मंडळी गणपती करतात असे ऐकून आहे, पण ते हौशीपुरते असते की खरोखरचे? दुसरी शंका व्याह्यांसाठी. ते डिसेंबरअखेर जाऊन जानेवारीत राहणार आहेत आणि चक्रीवादळाच्या बातम्यांनी विहीणबाई धास्तावल्या आहेत. त्यांना काय सांगावे?

उत्तर : शिवाजीपार्क_सकाळ

गणपती हौशीपुरता मुळीच नाही. गणेशचतुर्थीनिमित्त मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि ती विसर्जनाच्या दिवसाला धरून येते, कारण तिथे बहुतेकांचा गणपती आपल्या कोकणातल्यासारखा दीड दिवसाचा. पश्चिमेकडे कास्काव्हेल भागात मराठी वस्ती जुनी आहे आणि देऊळही आहे. घरात क्रेओल ही तिथली फ्रेंचवरून आलेली बोली बोलणारी, पाच-सहा पिढ्यांपूर्वी गाव सोडलेली ही माणसे आरती मात्र तोंडपाठ म्हणतात, आणि झाकरी नावाचे त्यांचे सामूहिक नृत्य पाहताना कोकणातल्या जाखडीची आठवण आल्यावाचून राहत नाही. शाळांतून मराठी शिकवले जाते, मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. आपण मुंबईचे म्हटल्यावर ते गावाचे नाव विचारतील. ज्यांच्या पूर्वजांच्या गावाचा पत्ता जहाजाच्या नोंदीत चुकीच्या उच्चाराने लिहिला गेला, त्यांना तो आपल्याकडून ताडून घ्यायचा असतो, तेव्हा कोकणातल्या तालुक्यांची नावे थोडी उजळून जा.

तरीही दादरचा गणपती चुकवू नका असेच मी म्हणेन. आपले दीर वडीलधारे आहेत. मुलीकडचे गणपती पुढेही पाहता येतील.

उत्तर : एबेनजवळची_सून

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते. विहीणबाईंना सांगा की वादळ अचानक येऊन गाठत नाही. इथे इशाऱ्यांचे चार वर्ग आहेत आणि ते क्रमाने वाढत जातात. पहिला वर्ग लागला की शाळा बंद होतात आणि लोक पाणी, मेणबत्त्या, ब्रेड, डबाबंद अन्न घ्यायला रांगा लावतात. दुसऱ्या वर्गात खिडक्या बंद करणे, गच्चीवरच्या वस्तू आत घेणे ही कामे उरकतात. तिसरा वर्ग म्हणजे घराबाहेर पडू नये. बस, मेट्रो, कार्यालये, दुकाने सगळे बंद. चौथा वर्ग प्रत्यक्ष ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाल्यावर लागतो. घरे सिमेंटची, बसकी आणि मजबूत असतात, कारण १९६० च्या कॅरोल या वादळात लाकडी आणि पत्र्याची घरे हजारोंनी उडून गेल्यानंतर इथल्या बांधकामाची रीतच बदलली. बहुतेक वेळा एक-दोन दिवस घरात पत्ते खेळण्यात जातात आणि वीज गेली तर मेणबत्ती लागते.

खरा धोका वाऱ्यापेक्षा पाण्याचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असल्याने यात नवल वाटू नये, पण सांगलीकरांना पुराचा अनुभव नदीकाठचा आहे, जिथे पाणी चढताना दिसते. इथे डोंगर जवळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी तासाभरात येते. म्हणून जोराच्या पावसात राजधानीकडे जायचे नाही, एवढा एकच नियम त्यांनी पाळावा. वाक्व्यासारख्या उंचावरच्या गावात ही भीती कमी असते. तिथे जानेवारीतली हवाही किनाऱ्यापेक्षा सुसह्य असते, हे त्यांना आवर्जून सांगा.

परतीचे तिकीट बदलता येण्याजोगे घ्यावे, कारण तिसरा वर्ग लागला की विमानतळ बंद होतो आणि मग पुढच्या विमानांत जागा मिळवण्यासाठी दोन-तीन दिवस जातात. रोजच्या औषधांचा आठवडाभराचा जादा साठा त्यांनीही आणि आपणही बरोबर ठेवावा.

बाजाराविषयी काकांनी विचारले आहे म्हणून लिहिते. वाक्व्याचा बाजार गावाच्या मध्यावर आहे आणि मुलीचे घर स्थानकाच्या आसपास असेल तर तो पायी जाण्यासारखा आहे. आठवड्याच्या ठरावीक दिवशी तो अधिक भरतो. ते दिवस मुलीला विचारून घ्या आणि शक्यतो सकाळी आठच्या आत जा, म्हणजे पालेभाजी ताजी मिळेल आणि पठारावरचा दुपारचा पाऊसही चुकेल. छत्री मात्र ऑक्टोबरमध्येही बरोबर असू द्यावी.